'जर'च्या पोटात 'जर' : पावसाचा तक्ता आणि प्रश्नभाषा

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. आज त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात काही महसूल मंडळे आहेत आणि पावसाळ्यात मंडळागणिक पावसाची नोंद होते. सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस पडला, एवढीच ती नोंद. २०१७ नंतर 'महावेध' प्रकल्पाखाली राज्यातल्या दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, त्यामुळे आकड्यांना आता तोटा नाही.

पण आकडा मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. शेतकऱ्याला, तहसील कचेरीला आणि वर्तमानपत्राला आकडा नको असतो, शब्द हवा असतो. पाऊस हलका की मुसळधार? अतिवृष्टी झाली की नाही? आकड्याचे शब्दात रूपांतर करण्यासाठी नियम लागतो, आणि तो नियम बहुधा पायऱ्यांचा असतो. भारतीय हवामान खात्याच्या पायऱ्या अशा आहेत : २.४ मि.मी.पर्यंत अगदी हलका, २.५ पासून १५.५ पर्यंत हलका, १५.६ पासून ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून ११५.५ पर्यंत मुसळधार, ११५.६ पासून २०४.४ पर्यंत अति मुसळधार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार.

हा नियम संगणकाला सांगायचा कसा? आपल्यापैकी बहुतेकांनी निकालपत्रके तयार करताना स्प्रेडशीट वापरलेले असते. त्यातले 'इफ' हे सूत्र म्हणजे आपले 'जर-तर'. त्याला तीन गोष्टी द्याव्या लागतात : अट, अट खरी ठरली तर काय लिहायचे ते, आणि खोटी ठरली तर काय लिहायचे ते. पायऱ्या दोनपेक्षा जास्त असल्या की तिसऱ्या जागी पुन्हा एक 'इफ' बसवायचा, त्याच्या तिसऱ्या जागी आणखी एक. पावसाचा आकडा 'डी२' या चौकटीत आहे असे धरले, तर सूत्र असे होईल. (संगणकावर हे शब्द रोमन लिपीत टंकावे लागतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी सर्व देवनागरीत दिले आहे.)

=इफ(डी२>=२०४.५, "अत्यंत मुसळधार",
इफ(डी२>=११५.६, "अति मुसळधार",
इफ(डी२>=६४.५, "मुसळधार",
इफ(डी२>=१५.६, "मध्यम",
इफ(डी२>=२.५, "हलका",
इफ(डी२>०, "अगदी हलका", "पाऊस नाही"))))))

शेवटी सहा कंस बंद केले आहेत, कारण 'इफ' सहा आहेत. आता १३० मि.मी. पाऊस घेऊन पाहू. पहिली अट खोटी ठरते. दुसरी खरी ठरते, आणि उत्तर येते "अति मुसळधार". खालच्या चारही अटी १३० च्या बाबतीत खऱ्याच आहेत, पण तिथवर संगणक पोचतच नाही. म्हणजे दुसऱ्या अटीचा पूर्ण अर्थ "११५.६ किंवा जास्त, आणि पहिली अट लागू नसताना" असा आहे. यातला "आणि पहिली अट लागू नसताना" हा भाग कोठेही लिहिलेला नाही. तो पायऱ्यांच्या क्रमात दडलेला आहे. याच पायऱ्या उलट्या लावून पाहा, म्हणजे पहिली अट डी२>०, दुसरी डी२>=२.५, याप्रमाणे. मग पडलेला प्रत्येक पाऊस "अगदी हलका" ठरेल. विद्यार्थ्यांना हे फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. क्रमाचे महत्त्व दहा वाक्यांनी पटत नाही ते या एका उदाहरणाने पटते.

असे सूत्र लिहायला अवघड नसते, वाचायला मात्र फार अवघड असते. २००३ सालच्या एक्सेलपर्यंत एका 'इफ'च्या पोटात सातच 'इफ' बसत. २००७ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा चौसष्टावर गेली. शिक्षकांना या मर्यादेचा चांगलाच अनुभव आला असेल, कारण २०१० पासून राज्यात आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी होत्या. बाहेरचा एक 'इफ' आणि पोटातले सात मिळून नऊ उत्तरे नेमकी बसत. दहावी शक्यता, म्हणजे मूल परीक्षेला गैरहजर असणे, जुन्या एक्सेलच्या त्या सूत्रात मावत नसे. ही दहावी शक्यता लक्षात ठेवावी. पुढे तिच्याशीच आपली गाठ पडणार आहे.

आता पावसाळ्याचा हिशेब करू. १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस. आठ तालुक्यांचा रोजचा एकेक आकडा घेतला तरी ९७६ ओळी होतात, आणि मंडळवार घेतल्या तर याच्या कितीतरी पट. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक ओळीत सूत्राची एक प्रत असते. म्हणजे एकच नियम ९७६ ठिकाणी लिहिलेला असतो. कोणी ऑगस्टमधल्या एखाद्या चौकटीत सूत्र पुसून हाताने "मध्यम" असे लिहिले, तर तक्त्याकडे नुसते पाहून ते कळणार नाही. स्प्रेडशीट वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. चाळीस मुलांच्या वर्गाला त्याच्यासारखे साधन नाही. पण जेथे नियम एक आणि नोंदी हजारो, तेथे नियम एकदाच लिहिता आला पाहिजे.

ही सोय प्रश्नभाषेत आहे. आयबीएम कंपनीत काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध करून माहिती साध्या तक्त्यांच्या स्वरूपात ठेवण्याची कल्पना मांडली. त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तिचे पहिले नाव सीक्वेल, पुढे झाले एसक्यूएल. स्प्रेडशीटमध्ये आपण चौकटीचा पत्ता सांगतो, 'डी२'. या भाषेत पत्ता नसतो. रकान्याचे नाव सांगायचे, 'पाऊस', आणि सांगितलेले सर्व ओळींना लागू होते.

'इफ'ची जागा येथे 'केस' घेतो. (१९९२ च्या प्रमाणित आवृत्तीत तो अधिकृतपणे दाखल झाला.) आपल्या सूत्राचे रूपांतर असे :

सिलेक्ट मंडळ, दिनांक, पाऊस,
केस
व्हेन पाऊस >= २०४.५ देन 'अत्यंत मुसळधार'
व्हेन पाऊस >= ११५.६ देन 'अति मुसळधार'
व्हेन पाऊस >= ६४.५ देन 'मुसळधार'
व्हेन पाऊस >= १५.६ देन 'मध्यम'
व्हेन पाऊस >= २.५ देन 'हलका'
व्हेन पाऊस > ० देन 'अगदी हलका'
एल्स 'पाऊस नाही'
एंड
फ्रॉम पर्जन्यनोंद

प्रत्येक 'इफ'ची अट 'व्हेन'नंतर आली, खरे ठरल्यावरचे उत्तर 'देन'नंतर आले, आणि सर्वांत आतल्या 'इफ'चे शेवटचे उत्तर 'एल्स'नंतर. सहा कंसांच्या जागी एकच 'एंड'. एकात एक असलेल्या डब्या बाहेर काढून ओळीने मांडाव्यात तसे हे आहे. वरून खाली वाचायचे आणि पहिली खरी अट सापडली की थांबायचे, हा नियम तोच राहिला.

हे झाले सोपे रूपांतर. 'इफ' जेव्हा तिसऱ्या जागी नसून दुसऱ्या जागी, म्हणजे खऱ्याच्या बाजूला, असतो तेव्हा डब्या अशा सरळ ओळीत येत नाहीत. याचे उदाहरण मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचे आहे.

दुष्काळ ठरवण्यासाठी पूर्वी मुख्य आधार होता तो पैसेवारीचा. पीक पन्नास पैशांच्या आत आले की टंचाई. केंद्र सरकारने २०१६ साली दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो नव्या पद्धतीने. या पद्धतीत पहिल्या टप्प्यावर दोन गोष्टी पाहतात : सरासरीच्या मानाने पावसाची तूट, आणि पावसातला खंड. सलग तीन-चार आठवडे नेहमीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस झाला तर खंड पडला असे मानतात. तूट ६० टक्के किंवा अधिक असेल तर खंड असो वा नसो, तालुका पुढच्या तपासणीला पात्र. तूट २० ते ५९ टक्के असेल तर खंड पडला असल्यासच पात्र. पाऊस सरासरीइतका असला तरी खंड पडला असेल तर पात्र. यानंतर पेरणी, जमिनीतला ओलावा, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, धरणे आणि भूजल हे दुसऱ्या टप्प्यावर तपासतात. तो भाग येथे सोडून देऊ. पहिल्या टप्प्याचे सूत्र असे होते :

=इफ(तूट>=६०, "होय",
इफ(तूट>=२०,
इफ(खंड="आहे", "होय", "नाही"),
इफ(खंड="आहे", "होय", "नाही")))

याचे यांत्रिक रूपांतर करायचे तर खऱ्याच्या बाजूला गेलेला 'इफ' बाहेरच्या अटीशी 'अँड'ने, म्हणजे 'आणि'ने, जोडायचा : व्हेन तूट >= २० अँड खंड = 'आहे' देन 'होय', आणि पुढे तसेच. पण लिहिता लिहिता हात थांबतो. आतले दोन्ही 'इफ' अक्षरशः सारखे आहेत! मग २० टक्क्यांची अट विचारायचीच कशाला? सगळे सूत्र एका वाक्यात मावते :

केस
व्हेन तूट >= ६० ऑर खंड = 'आहे' देन 'होय'
एल्स 'नाही'
एंड

म्हणजे या टप्प्यावर निकाल ठरवतात फक्त दोन गोष्टी, साठ टक्क्यांची तूट किंवा पावसाचा खंड. २० आणि ५९ हे आकडे नियमाच्या मजकुरात असतात, पण येथे त्यांनी काहीच बदलत नाही. कंसांच्या जाळ्यात हे दिसत नाही, डब्या मोकळ्या केल्यावर दिसते. रूपांतर करण्याचा खरा फायदा वेग हा नाही, असे मला वाटते. नियम काय म्हणतो ते कळते, हा आहे.

आता गैरहजर मुलाकडे, म्हणजेच न झालेल्या नोंदीकडे, वळू.

मंडळातले यंत्र बिघडले, नोंद आलीच नाही, तर चौकट रिकामी राहते. स्प्रेडशीटमध्ये रिकाम्या चौकटीची संख्येशी तुलना केली की ती शून्य मानली जाते. आपले पहिले सूत्र तिला सहाही पायऱ्यांवरून खाली सोडते आणि लिहिते "पाऊस नाही". प्रश्नभाषेत रिकाम्या जागेला 'नल' म्हणतात. (पाण्याचा नळ नव्हे, पण दोहोंत काहीच न येणे ही गोष्ट जालनेकरांना परिचयाची आहे.) नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे माहीत नाही. "माहीत नसलेली संख्या २.५ पेक्षा मोठी आहे का?" या प्रश्नाचे उत्तर होय नाही आणि नाहीही नाही, ते 'अज्ञात' आहे. या भाषेच्या तर्कात खरे आणि खोटे यांच्याबरोबर अज्ञात हे तिसरे मूल्य असते. 'केस' फक्त खऱ्या अटीवर थांबतो. त्यामुळे नल सर्व 'व्हेन' ओलांडून 'एल्स'वर जातो, आणि उत्तर येते 'पाऊस नाही'. दोन्हीकडे उत्तर सारखे, दोन्हीकडे चूक, आणि कारणे मात्र निराळी.

कारणे निराळी असल्याचा परिणाम पायऱ्या खालून वर रचल्या की दिसतो. काहीजण सूत्र असे लिहितात : शून्य असेल तर "पाऊस नाही", नसेल आणि २.५ पेक्षा कमी असेल तर "अगदी हलका", १५.६ पेक्षा कमी असेल तर "हलका", आणि याप्रमाणे चढत जाऊन शेवटी उरलेले ते "अत्यंत मुसळधार". हेही सूत्र बरोबर आहे. रिकामी चौकट त्यात पहिल्याच पायरीवर थांबते, "पाऊस नाही". याचेच शब्दाला शब्द ठेवून 'केस'मध्ये रूपांतर केले तर नल एकाही पायरीवर न थांबता 'एल्स'ला जाऊन पोचतो. जेथे नोंदच झाली नाही तेथे २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस! सूत्र बरोबर, रूपांतर शब्दशः बरोबर, आणि उत्तर या टोकाचे त्या टोकाला.

उपाय साधा आहे. सर्वांत वरची पायरी नेहमी हीच ठेवायची : व्हेन पाऊस इज नल देन 'नोंद नाही'. येथे 'पाऊस = नल' असे लिहून चालत नाही, कारण अज्ञात हे अज्ञाताच्या बरोबरीचे आहे की नाही हेही अज्ञातच.

हा केवळ संगणकाचा कीस काढणे नव्हे. चार दिवसांच्या नोंदी १२, ०, (नोंद नाही) आणि २४ अशा असतील, तर झालेल्या नोंदींची सरासरी ३६ भागिले ३, म्हणजे १२ येते. रिकाम्या जागी कोणी शून्य लिहून ठेवले की ती ९ होते. तूट या आकड्यांवरून काढतात आणि तालुक्याची पात्रता तुटीवरून ठरते. उलट बाजूने, मंडळात चोवीस तासांत ६५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस झाला तर राज्याचे महसूल खाते तो अतिवृष्टी धरते आणि पीकनुकसानीच्या पंचनाम्यांना आधार मिळतो. ज्या रात्री यंत्र बंद होते त्या रात्रीची नोंद 'शून्य' झाली, तर वाहून गेलेल्या सोयाबीनला कागदावर कारणच उरत नाही. 'नोंद नाही' असे लिहिले असेल तर निदान शेजारच्या मंडळाचा आकडा पाहण्याची मागणी करता येते.

निकालपत्रकात याहून विनोदी प्रकार घडतो. गैरहजर मुलाच्या गुणांच्या चौकटीत "ग" असे अक्षर लिहिण्याची पद्धत आहे. एक्सेलमध्ये अक्षर आणि संख्या यांची तुलना केली तर अक्षर नेहमी मोठे ठरते. त्यामुळे "गुण ९१ किंवा जास्त असल्यास अ-१" ही पहिलीच अट "ग"साठी खरी ठरते, आणि वर्गात न आलेला विद्यार्थी वर्गात पहिला येतो. बहुतेक माहितीप्रणालींत संख्येच्या रकान्यात अक्षर शिरूच दिले जात नाही. एसक्यूलाइट ही प्रणाली मात्र याबाबत सैल आहे, तेथे जपून.

दुसरी अडचण पायऱ्यांमधल्या फटींची. १५.५ पर्यंत हलका, १५.६ पासून मध्यम. मग १५.५५ चे काय? यंत्राचा आकडा एकाच दशांश स्थळापर्यंत असतो तोवर हा प्रश्न येत नाही. पण तालुक्याचा पाऊस म्हणून मंडळांची सरासरी काढली की असे आकडे येतातच. 'बिटवीन २.५ अँड १५.५' अशी दोन्ही टोके बांधणारी अट लिहिली तर १५.५५ दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत पडतो आणि थेट 'एल्स'मध्ये जातो. म्हणून फक्त खालचे टोक लिहिण्याची सवय चांगली. येथेच एक मौज दिसते. ६४.८ मि.मी. पाऊस हवामान खात्याच्या शिडीवर मुसळधार आहे, महसूल खात्याच्या रेषेवर मात्र अतिवृष्टी नाही.

सरासरीवरून आठवले. समजा, एका तालुक्यातल्या तीन मंडळांत ९०, २० आणि ३० मि.मी. पाऊस झाला. सरासरी ४६.७, म्हणजे तालुक्यात 'मध्यम' पाऊस. पण एका मंडळात अतिवृष्टी झाली आहे, आणि ती सरासरीत बुडाली. म्हणून आधी वर्गवारी करायची, मग गोळाबेरीज :

सिलेक्ट तालुका, दिनांक,
सम(केस व्हेन पाऊस > ६५ देन १ एल्स ० एंड),
सम(केस व्हेन पाऊस इज नल देन १ एल्स ० एंड)
फ्रॉम पर्जन्यनोंद
ग्रुप बाय तालुका, दिनांक

पहिली बेरीज अतिवृष्टी झालेल्या मंडळांची संख्या देते, दुसरी नोंद न आलेल्या मंडळांची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवाव्यात. पहिल्यात शून्य आणि दुसऱ्यात तीन असेल तर त्या दिवशी अतिवृष्टी झाली नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पायऱ्या फार झाल्या किंवा वारंवार बदलू लागल्या की 'केस'सुद्धा आवरता येत नाही. तेव्हा पायऱ्यांचाच एक छोटा तक्ता करायचा. त्यात दोन रकाने, किमान आणि नाव, आणि पावसाच्या तक्त्याशी तो जोडून घ्यायचा. स्प्रेडशीटमधले 'व्हीलुकअप' हेच काम करते. मग नियम सूत्रात राहत नाही, कागदावर छापून भिंतीला लावता येतो.

वर्गात हे करून पाहायला खर्च नाही. एसक्यूलाइट आणि लिबरऑफिस दोन्ही फुकट मिळतात. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असेल तर आकडे आपलेच. नसेल तर विद्यार्थ्यांनी दहा-बारा आकडे मुद्दाम निवडावेत : ०, ०.१, २.४, २.५, १५.५, १५.५५, १५.६, ६४.५, ६५, ६५.१, २०४.५ आणि एक रिकामी जागा. साधे मधले आकडे घेऊन काहीच सिद्ध होत नाही, चुका पायऱ्यांच्या कडांवर राहतात. स्प्रेडशीटचे उत्तर एका रकान्यात, 'केस'चे उत्तर शेजारच्या रकान्यात, आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत त्या ओळी मागवायच्या. मात्र त्या मागवताना 'जुने <> नवे' एवढीच अट दिली तर ज्या ओळीत एक उत्तर नल आहे ती ओळ येणारच नाही, कारण तुलना पुन्हा अज्ञात. पोस्टग्रेससारख्या प्रणालीत तेथे 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' असे लिहावे लागते, आणि एसक्यूलाइटमध्ये 'इज नॉट' पुरते.